मांजराच्या खाद्याच्या पाकिटावरील आकडे: कोणते आधी वाचावेत आणि कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांचा, न्यूटर (नसबंदी) केलेला आणि पूर्णपणे घरातच राहणारा बोका. पूर्वी त्याचे वजन ४.५ किलोच्या आसपास होते, आता ते ५.८ किलो झाले आहे. त्याच्यासाठी तीन खाद्यांमधून निवड करायची आहे. पहिले कोरडे खाद्य असून त्यावर ठळक अक्षरांत ‘ग्रेन फ्री’ लिहिले आहे. मागच्या तक्त्यात प्रथिने किमान ३२ टक्के, फॅट किमान १२, फायबर कमाल ४ आणि ओलावा कमाल १० टक्के असे छापलेले आहे. दुसरे ग्रेव्हीतले ८५ ग्रॅमचे पाउच आहे: प्रथिने ९, फॅट ४, फायबर ०.५, ओलावा ८२. तिसरा ट्यूनाचा लहान डबा आहे, ज्याच्या घटकांत ट्यूना, पाणी आणि थोडा तांदूळ एवढेच आहे आणि प्रथिने १६ टक्के आहेत. यादी छोटी आणि ओळखीची असल्यामुळे तुमचा कल डब्याकडे आहे, तर प्रथिने ‘फक्त ९ टक्के’ असल्यामुळे पाउच तुम्ही जवळजवळ बाद केले आहे. पशुवैद्य म्हणून माझे उत्तर याच्या बरेचसे उलट आहे: या तिघांपैकी रोजचा मुख्य आहार म्हणून डबा मुळीच चालणार नाही, आणि प्रथिनांच्या बाबतीत पाउच कोरड्या खाद्यापेक्षा सरस आहे.

बहुतेक लोक लेबल वाचताना आधी घटकांची यादी पाहतात, मग टक्केवारीचा तक्ता पाहतात आणि बारीक अक्षरांतला उरलेला मजकूर सोडून देतात. मी हाच क्रम उलटा करायला सांगते. आधी ते खाद्य ‘संपूर्ण आहार’ आहे की नाही हे सांगणारे वाक्य शोधावे, मग कॅलरी पाहाव्यात, त्यानंतर टक्केवारी पाण्याचा हिशेब वजा करून वाचावी आणि घटकांची यादी सर्वांत शेवटी वाचावी. यादी निरुपयोगी आहे असे नाही. परंतु लेबलवरचा हा भाग आपल्याला सर्वांत जास्त सांगतो असे वाटते आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी सांगतो.

संपूर्ण आहाराचे ते वाक्य बहुधा पाकिटाच्या मागे, कडेला, अतिशय लहान अक्षरांत असते. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर ते साधारण असे असते, की हे खाद्य आफ्को या संस्थेने ठरवलेल्या पोषणमानांनुसार प्रौढ मांजरांसाठी, किंवा पिल्लांच्या वाढीसाठी, किंवा सर्व वयोगटांसाठी संपूर्ण आणि संतुलित आहे. युरोपीय लेबलवर ‘कम्प्लीट’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ यांपैकी एक शब्द असतो. तिथली पोषणमाने फेडिआफ ही उत्पादकांची संघटना प्रसिद्ध करते. जे खाद्य संपूर्ण नाही त्यावर ‘अधूनमधून किंवा पूरक म्हणून देण्यासाठी’ अशा अर्थाची ओळ असते. इथे एक खुलासा आवश्यक आहे. आफ्को ही खाद्य तपासणारी किंवा मंजूर करणारी संस्था नाही. ती पोषणमाने आणि लेबलचे नमुना नियम ठरवते. त्यामुळे ‘आफ्को-मान्यताप्राप्त’ असे कोणी छापले असेल, तर तो दावा अर्थहीन आहे आणि तसे छापणाऱ्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही मी सावधपणे पाहते.

या एका वाक्याला इतके महत्त्व का द्यायचे, हे मांजराच्या शरीरातच दडलेले आहे. मांजर हा पूर्णपणे मांसाहारावर घडलेला प्राणी आहे आणि इतर अनेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात तयार होणारे काही पदार्थ त्याच्या शरीरात तयार होत नाहीत किंवा पुरेसे होत नाहीत. गाजरातल्या कॅरोटीनपासून ते अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही; त्याला ते यकृतासारख्या प्राणिज पदार्थांतून तयार स्वरूपातच मिळावे लागते. अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल त्याला प्राणिज फॅटमधूनच घ्यावे लागते. आर्जिनिन हे अमिनो आम्ल पूर्णपणे वगळलेले एकच जेवण पोटभर खाल्ले, तरी काही तासांत रक्तातील अमोनिया धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. आणि टॉरिन हे मांसातून मिळणारे पोषकद्रव्य कमी पडले तर परिणाम लगेच दिसत नाहीत. ते काही महिन्यांनी दृष्टिपटल आणि हृदय यांच्यावर दिसतात.

टॉरिनचा इतिहास तर प्रत्येक मांजरपालकाला माहीत असावा असे मला मनापासून वाटते. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा जो आजार मांजरांमध्ये सर्रास दिसत होता, त्यामागे मुख्यतः टॉरिनची कमतरता होती, आणि टॉरिन दिल्यावर त्यांतील अनेक मांजरे सुधारत होती. विशेष म्हणजे ही मांजरे उष्टे-खरकटे खाणारी नव्हती. बाजारात मिळणारे, त्या काळच्या मानकांत बसणारे खाद्य ती खात होती. त्यानंतर मानके बदलली. डबाबंद खाद्य तयार होताना बसणारी उष्णता आणि त्यानंतर आतड्यांतील जिवाणूंकडून होणारा टॉरिनचा नाश लक्षात घेऊन, आज आफ्कोच्या मानकांत पाण्याचा अंश वगळून कोरड्या खाद्यात टॉरिन किमान ०.१० टक्के, तर डबाबंद खाद्यात त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.२० टक्के असावे लागते. त्यामुळे घटकांच्या यादीत ‘टॉरिन’ असे स्वतंत्रपणे लिहिलेले दिसले तर ते कृत्रिम रसायन म्हणून नाकारू नये.

आता तुमच्या ट्यूनाच्या डब्याकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या मजकुरात खालच्या ओळीत तो पूरक आहार असल्याचे लिहिलेले आहे, आणि घटकांची छोटी यादी हेच त्याचे कारण आहे. हाडे नसलेल्या माशाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. पिल्लांना अशा मांसावरच वाढवले तर शरीर कॅल्शियम हाडांतून ओढून घेते आणि साध्या उडीने हाड मोडल्याची उदाहरणे पशुवैद्यकात जुनी आहेत. तेलकट मासा मुख्य आहार झाला आणि त्यात ई जीवनसत्त्व पुरेसे नसले, तर त्वचेखालच्या चरबीला दाहक सूज येते. अशा मांजराला उचलून घेतलेलेही सहन होत नाही. ज्या अनोळखी नावांमुळे तुम्हाला पाउचची यादी खटकली, उदाहरणार्थ थायमिन मोनोनायट्रेट, झिंक सल्फेट, कोलीन क्लोराइड, ती बहुतांशी याच उणिवा भरून काढणारी जीवनसत्त्वे आणि खनिजे आहेत. डबा अगदी बंद करा असे मी म्हणत नाही. दिवसभराच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांच्या आत राहील एवढा तो खाऊ म्हणून द्यायला हरकत नाही. चाटून खायच्या ट्यूबनाही हाच नियम लागू होतो, कारण त्यांपैकी बहुतेक पूरकच असतात.

त्याच वाक्यात आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे वयोगट. ‘सर्व वयोगटांसाठी’ असे लिहिलेले खाद्य पिल्लांच्या आणि गाभण मांजरीच्या कठोर मानकांवर उतरलेले असते. ते प्रौढ बोक्याला चालते, पण अनेकदा ते अधिक कॅलरींचे असते, आणि तुमच्या बोक्याच्या बाबतीत तोच मुद्दा कळीचा आहे. याउलट, फक्त ‘प्रौढांसाठी’ असलेले खाद्य पिल्लाला देऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे खाद्य पोषणमानांशी आकडे जुळवून तयार केले आहे की मांजरांना प्रत्यक्ष खाऊ घालून तपासले आहे. आफ्कोच्या पद्धतीतील प्रौढांसाठीची चाचणी किमान आठ मांजरांवर २६ आठवडे चालते आणि त्यांपैकी सहा मांजरांनी ती पूर्ण करावी लागते. ही चाचणी दीर्घकाळात उद्भवणारा प्रत्येक दोष पकडेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मात्र खाद्य पचते का आणि मांजर ते नीट खाते का, हे आकडेमोडीतून कधीच कळत नाही आणि चाचणीतून कळते. मला दोन्ही पद्धती मान्य आहेत. यांपैकी काहीही न सांगणारे लेबल मात्र मान्य नाही.

कॅलरींकडे थोडे पुढे येऊ. आधी पाण्याचा हिशेब पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा हाच आहे. तक्त्यातील टक्केवारी खाद्य जसे पाकिटात आहे तसे, म्हणजे त्यातील पाण्यासकट दिलेली असते. त्यामुळे दहा टक्के पाणी असलेल्या दाण्यांची आणि ८२ टक्के पाणी असलेल्या ग्रेव्हीची तुलना थेट करणे म्हणजे वाळलेला आणि ओला कपडा एकाच काट्यावर टाकून कापड किती आहे ते ठरवण्यासारखे आहे. पाणी बाजूला काढण्याची रीत सोपी आहे: शंभरातून ओलावा वजा करावा, उरलेल्या संख्येने प्रथिनांच्या आकड्याला भागावे आणि शंभराने गुणावे. तुमच्या कोरड्या खाद्यात ओलावा १० आहे, म्हणून कोरडा भाग ९०. ३२ भागिले ९० म्हणजे प्रथिने सुमारे ३५.६ टक्के. पाउचमध्ये ओलावा ८२, म्हणून कोरडा भाग अवघा १८. ९ भागिले १८ म्हणजे ५० टक्के. ज्या पाउचमध्ये तुम्हाला प्रथिने तिपटीने कमी दिसत होती, त्याच्या कोरड्या भागाचा निम्मा हिस्सा प्रथिनांचा आहे. आफ्कोची किमान मर्यादा याच कोरड्या भागाच्या हिशेबाने प्रौढ मांजरासाठी २६ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी ३० टक्के आहे, म्हणजे दोन्ही खाद्ये त्या मर्यादेच्या वरच आहेत.

या हिशेबात एक खाच आहे आणि ती ओल्या खाद्याच्या बाबतीत बरीच मोठी आहे. तक्त्यातील प्रथिने ‘किमान’ आणि ओलावा ‘कमाल’ असतो. तो प्रत्यक्ष सरासरीचा आकडा नसतो. समजा तुमच्या पाउचमध्ये खरा ओलावा ८२ नसून ७८ टक्के आहे आणि प्रथिने ९ च आहेत. मग कोरडा भाग २२ होतो आणि प्रथिनांचे प्रमाण ५० वरून ४१ टक्क्यांवर येते. कोरड्या खाद्यात ओलावा दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही, ओल्या खाद्यात तो बदलतो. म्हणून दोन पाउचांमध्ये पाच-सहा टक्क्यांचा फरक निघाला तर त्यावरून निवड करू नये. आजारी मांजरासाठी नेमका आकडा हवा असेल, तर उत्पादकाला पत्र लिहून सरासरी विश्लेषण मागवावे. जबाबदार उत्पादक ते देतात.

कर्बोदकांचा आकडा लेबलवर सहसा नसतो, पण तो काढता येतो. शंभरातून प्रथिने, फॅट, फायबर, ओलावा आणि राख, म्हणजे खनिजांचा अंश, वजा केली की जे उरते ती ढोबळमानाने कर्बोदके. राख दिलेली नसेल तर कोरड्या खाद्यासाठी सुमारे ७ आणि ओल्यासाठी सुमारे २ टक्के धरावी. तुमच्या कोरड्या खाद्यात १०० उणे ३२, १२, ४, १० आणि ७ म्हणजे ३५ टक्के कर्बोदके निघतात. पाणी वगळून ती सुमारे ३९ टक्के होतात. हेच ते पाकीट, ज्यावर ‘ग्रेन फ्री’ ठळकपणे छापलेले आहे. धान्य काढले म्हणजे पिष्टमय पदार्थ निघून गेले असे होत नाही, कारण दाण्याला आकार देण्यासाठी यंत्राला पिष्ट लागतेच आणि तांदूळ किंवा मका नसेल तर त्याची जागा वाटाणा, मसूर, बटाटा किंवा टॅपिओका घेतो. पाउचमध्ये याच रीतीने अडीच टक्के कर्बोदके निघतात, म्हणजे कोरड्या भागाच्या सुमारे १४ टक्के. मात्र ओलाव्याची वर सांगितलेली खाच इथेही लागू होते, म्हणून हा आकडा अंदाज म्हणूनच धरावा. मांजर शिजवलेले पिष्ट पचवू शकते, ते त्याच्यासाठी विष नाही. तरीही ‘धान्य नाही’ म्हणून जास्त चांगले समजणे हा गैरसमज आहे आणि तो फार पसरला आहे.

माझ्या मते वजन वाढलेल्या मांजराच्या बाबतीत सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे कॅलरी. काही लेबलांवर त्या प्रति किलो आणि प्रति पाउच किंवा प्रति कप अशा दिलेल्या असतात. दिलेल्या नसतील तर प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि फॅटच्या प्रत्येक ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी धरून बेरीज करावी. तुमच्या कोरड्या खाद्यात ३२ गुणिले ३.५ म्हणजे ११२, फॅटच्या १०२ आणि कर्बोदकांच्या सुमारे १२२, म्हणजे १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ३३६ किलोकॅलरी. पाउचमध्ये हीच बेरीज १०० ग्रॅमला सुमारे ७४ येते, म्हणजे ८५ ग्रॅमच्या एका पाउचमध्ये सुमारे ६३. आता प्रथिनांची तुलना कॅलरींच्या हिशेबाने करून पाहा: दर १०० किलोकॅलरीमागे कोरडे खाद्य सुमारे ९.५ ग्रॅम आणि पाउच सुमारे १२.१ ग्रॅम प्रथिने देते. मांजर पोट वजनाने नव्हे, बऱ्याच अंशी ऊर्जेने भरते, म्हणून दोन खाद्यांची सर्वांत न्याय्य तुलना हीच आहे. कोरड्या भागाच्या टक्केवारीत ५० आणि ३६ एवढे मोठे दिसणारे अंतर इथे थोडे कमी झाले, कारण पाउचमध्ये फॅटही जास्त आहे. अतिशय फॅटयुक्त ओले खाद्य टक्केवारीत श्रीमंत आणि कॅलरीमागे सामान्य निघणे शक्य असते.

तुमच्या बोक्याला किती लागते, हेही काढता येते. आदर्श वजन ४.५ किलो धरले, तर विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज, म्हणजे वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, सुमारे २१५ किलोकॅलरी येते. न्यूटर केलेल्या आणि घरात झोपून राहणाऱ्या अनेक बोक्यांची दिवसभराची एकूण गरज याच्या फार वर जात नाही. २१५ किलोकॅलरी म्हणजे तुमच्या कोरड्या खाद्याचे ६४ ग्रॅम. कपाने माप घेताना दहा ग्रॅम जास्त पडणे अगदी सहज घडते. ते डोळ्यांना दिसतही नाही, मूठभर दाण्यांतले ते मोजके दाणे असतात. पण त्या दहा ग्रॅममध्ये ३४ किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या सुमारे १६ टक्के, आणि रोज एवढे जास्त गेले तर बोक्याचे वजन ४.५ वरून ५.८ किलोवर जायला दुसरे कोणतेही कारण लागत नाही. पाकिटावरचा ‘रोज किती द्यावे’ हा तक्ता सर्व प्रकारच्या मांजरांसाठी काढलेली सरासरी असते आणि कमी हालचाल करणाऱ्या मांजरांसाठी ती बहुधा जास्त ठरते. त्यामुळे कप बाजूला ठेवून स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

प्रथिनांच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत. खाद्यातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते, आणि लेबलवरच्या ‘क्रूड प्रोटीन’ या आकड्यामागे हीच मोजणी असते. ती प्रथिने यकृतातून आली की पिसांपासून, पचतील की विष्ठेतून निघून जातील, हे त्यातून कळत नाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्याची अनेक उत्पादने परत मागवावी लागली, कारण गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले होते. मेलामाइन हे औद्योगिक रसायन आहे, प्रथिन नाही, पण त्यात वजनाच्या दोनतृतीयांश नायट्रोजन असतो, म्हणून चाचणीत प्रथिने वाढलेली दिसतात. मेलामाइन आणि त्याच्यासोबत आढळलेले सायन्युरिक आम्ल यांचे स्फटिक मूत्रपिंडात साचून अनेक मांजरे आणि कुत्री दगावली. तक्ता जिथे थांबतो तिथे उत्पादक कोण आहे, तो कच्चा माल तपासतो का आणि आहारतज्ज्ञ त्याच्याकडे नोकरीला आहे का, हे प्रश्न सुरू होतात. ते लेबलवर नसतात, ते विचारावे लागतात.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ते वजन शिजवण्यापूर्वीचे, पाण्यासकट धरलेले असते. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असते. समजा १०० किलो मिश्रणात २६ किलो ताजे चिकन, १२ किलो वाटाणा, ११ किलो वाटाण्याचे पीठ आणि ९ किलो वाटाण्याची प्रथिने आहेत. यादीत चिकन पहिल्या क्रमांकावर झळकेल. दाणा तयार झाल्यावर मात्र त्या चिकनचे सुमारे ८ किलो उरतील आणि वाटाणा तीन नावांनी विभागून ३२ किलोच्या जवळपास राहील. याउलट ‘चिकन मील’ ऐकायला रुक्ष वाटते, पण त्यातील पाणी आधीच काढलेले असल्यामुळे तेवढ्याच वजनात ते कितीतरी अधिक प्रथिने देते. ‘बाय-प्रॉडक्ट’ या नावालाही लोक उगाच बिचकतात. त्यात यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, फुप्फुस असे अवयव येतात, आणि उंदीर पकडणारे मांजर असे अवयवही खाते. त्याचा दर्जा उत्पादकागणिक बदलतो, हे खरे. पण नावावरून तो ठरत नाही.

पुढच्या बाजूच्या दाव्यांवर मी फार वेळ घालवत नाही. ‘प्रीमियम’ किंवा ‘होलिस्टिक’ या शब्दांना लेबलच्या नियमांत पोषणविषयक अर्थ नाही. उत्पादनाच्या नावाला मात्र अमेरिकी नमुना नियमांत अर्थ आहे: नावात नुसते ‘चिकन’ असेल तर पाणी वगळून ९५ टक्के चिकन असावे लागते, ‘चिकन डिनर’सारख्या नावाला २५ टक्के पुरतात, ‘चिकनसह’ असेल तर ३ टक्के आणि ‘चिकन फ्लेवर’ला केवळ ओळखण्याजोगी चव पुरते. युरोपात ‘चिकनसह’साठी हे प्रमाण किमान ४ टक्के आहे. ज्या मांजराला एखाद्या मांसाची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण ‘सशासह’ अशा नावाच्या पाउचमधला उरलेला मोठा भाग दुसऱ्याच मांसाचा असू शकतो.

राख पाहून घाबरू नये. खाद्य जाळल्यावर उरणारी ती खनिजे आहेत, कोणी वरून टाकलेली वस्तू नव्हे. लघवी अडणाऱ्या बोक्यांसाठी पूर्वी राख दोषी मानली जात असे. आज आपल्याला माहीत आहे, की स्ट्रुव्हाइट या प्रकारच्या मूत्राशयातील खड्यांसाठी मॅग्नेशियम, फॉस्फरस, लघवीची आम्लता आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लघवीची घनता या गोष्टी कारणीभूत असतात. म्हणूनच पाण्याचा मोठा अंश असलेल्या पाउचचा फायदा तक्त्यात न दिसणारा, पण खरा आहे. मूत्रपिंडाचा आजार सुरू झालेल्या मांजरासाठी फॉस्फरसचा आकडा सर्वांत निर्णायक असतो, आणि बहुतेक लेबलांवर नेमका तोच छापलेला नसतो. तो उत्पादकाकडून दर १००० किलोकॅलरीमागे किती, अशा स्वरूपात मागवावा आणि आपल्या पशुवैद्यांना दाखवावा.

बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दोन्ही पाकिटावर असतात, म्हणून दाणे दुसऱ्या डब्यात ओतून पाकीट फेकून देऊ नये. सदोष खाद्य परत मागवले जाते तेव्हा बॅच क्रमांकाशिवाय आपले पाकीट त्यात आहे की नाही ते कळत नाही. पाकीटच घट्ट दुमडून डब्यात ठेवावे.

तुमच्या बोक्यासाठी मी असे सुचवेन. पाउच हा मुख्य आहार करावा आणि कोरडे खाद्य मोजून त्याच्या जोडीला ठेवावे. दोन्हींवर संपूर्ण आहाराचे वाक्य आहे याची खात्री मात्र आधी करावी. दोन पाउच म्हणजे सुमारे १२६ किलोकॅलरी आणि २६ ग्रॅम दाणे म्हणजे ८७, अशी २१३ ची बेरीज होते. ट्यूना दिला तर त्याच्या कॅलरी दाण्यांतून कमी कराव्यात. महिन्याभरात वजन मुळीच हलले नाही तर याहून कमी करण्याआधी पशुवैद्यांकडे जावे, कारण साधे खाद्य नेहमीच्या प्रमाणापेक्षा फार कमी दिले तर कॅलरींबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही कमी पडतात. वजन उतरवण्यासाठी बनवलेल्या खाद्यात ती कॅलरीमागे जास्त घातलेली असतात. वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे ५०-६० ग्रॅम उतरावे, १.३ किलो उतरायला पाच-सहा महिने लागतील, आणि तो वेग योग्य आहे. नवे खाद्य जुन्यात मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावे. बदल करताना बोक्याने एक पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही, तर भूक लागली की खाईल असे म्हणून वाट पाहू नये. लठ्ठ मांजर उपाशी राहिले की चरबी यकृतात साचू लागते आणि तो आजार जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी जुने खाद्य लगेच समोर ठेवावे, आणि तेही नाकारले तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यावे.